इरावतीबाईंचे दोन प्रबंध

नांदेड किंवा लातूरच्या महाविद्यालयात समाजशास्त्र घेऊन एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला इरावती कर्वे हे नाव नवे नसते. नेट-सेटच्या तयारीत भारतीय नातेव्यवस्थेचे चार विभाग पाठ करावे लागतात, त्या विभागांच्या कर्त्या म्हणून त्या त्याला ठाऊक असतात. वृत्तपत्राच्या सामान्य वाचकाला त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आठवतात. या दोन्ही ओळखींच्या आड त्यांची तिसरी ओळख राहून गेली आहे, ती संशोधक विद्यार्थिनीची. वयाच्या पंचविशीपर्यंत त्यांनी दोन प्रबंध पूर्ण केले, पहिला मुंबईत आणि दुसरा बर्लिनमध्ये. दुसऱ्या प्रबंधाचा निष्कर्ष त्यांच्या मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताच्या विरोधात गेला. तो मार्गदर्शक साधासुधा प्राध्यापक नव्हता. त्या काळी जर्मनीतील मानवशास्त्राचे सर्वांत वजनदार नाव त्याचे होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच. डी. साठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत आहे. प्रवेश परीक्षा, आराखडा, संशोधन समितीपुढील सादरीकरण, सहामाही प्रगती अहवाल, वाङ्मयचौर्य तपासणी आणि मौखिक परीक्षा अशा पायऱ्या चढताना मराठवाड्यातील शेकडो विद्यार्थ्यांना विषय कोणता घ्यावा, आपल्याच समाजावर लिहावे की नाही, मार्गदर्शकाचे मत पटले नाही तर काय करावे, हे प्रश्न पडतात. इरावतीबाईंना हे तिन्ही प्रश्न पडले होते. काळ वेगळा, घर वेगळे, सोयीही वेगळ्या. तरीही त्यांच्या विद्यार्थिदशेची कहाणी आज वाचण्याजोगी आहे.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता होते. मुलीचे नाव ठेवले ते त्या देशाच्या मोठ्या नदीवरून. सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांचे घर हेच इरावतीचे घर झाले. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या या गणितज्ञाच्या घरात पुस्तकांची, वादविवादांची आणि उघड नास्तिकतेची सवय होती. मुलीने पुढे शिकावे की नाही, हा प्रश्न त्या घरात कोणाला पडत नसे. त्या काळातील बहुतेक मुलींच्या बाबतीत पहिला अडसर तेथेच येत असे, हे लक्षात ठेवायला हवे.

१९२६ मध्ये त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या आणि त्यांना दक्षिणा शिष्यवृत्ती मिळाली. या शिष्यवृत्तीचा इतिहास मोठा रंजक आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, तिच्या निधीचे रूप बदलत बदलत इंग्रजी अमलात पारितोषिके आणि शिष्यवृत्त्या निर्माण झाल्या. रमण्यात वाटल्या जाणाऱ्या पैशाने शंभर वर्षांनी एक तरुणी समाजशास्त्र शिकायला मुंबईला गेली, आणि तीही जातीचा उगम शोधायला! इतिहासाच्या अशा योगायोगांची नोंद कुठेतरी घ्यायलाच हवी.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला १९१९ मध्ये. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होते. १९२४ पासून विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. मालवणचे घुर्ये संस्कृतचे पंडित, केंब्रिजचे डॉक्टर आणि विलक्षण कडक मार्गदर्शक. भारतातील समाजशास्त्राच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, य. भा. दामले ही त्यांतील काही नावे. त्या वेळी एम. ए. ची पदवी प्रबंध लिहूनही मिळवता येत असे आणि विद्यार्थ्यांना तालीम मिळे ती त्या प्रबंधातूनच. देसाईंचा राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील सुप्रसिद्ध ग्रंथ याच विभागातील पीएच. डी. च्या कामातून १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि श्रीनिवासांचे पहिले पुस्तक तर त्यांच्या एम. ए. च्या प्रबंधातूनच घडले.

इरावतीबाईंचा विषय ठरला चित्पावन ब्राह्मण. करमरकर हे स्वतः चित्पावन. म्हणजे त्या आपल्याच जातीचा अभ्यास करीत होत्या. परशुरामाने समुद्रकाठी सापडलेल्या प्रेतांना शुद्ध करून चित्पावन निर्माण केले, ही कथा त्यांच्यासमोर होती. चित्पावनांचा गोरा वर्ण आणि घारे डोळे यांवरून ते कोठून तरी समुद्रमार्गे आले असावेत, अशा तर्कांचा त्या काळी सुकाळ होता. तर्काच्या जागी पुरावा ठेवायचा, तर एका बाजूला ग्रंथ व कथा आणि दुसऱ्या बाजूला शरीराची प्रत्यक्ष मोजमापे, अशा दोन्ही वाटांनी जावे लागे. त्यांनी तेच केले. १९२८ मध्ये प्रबंध पूर्ण होऊन त्यांना एम. ए. ची पदवी मिळाली. परशुरामाच्या कथेवरचा त्यांचा लेख १९३२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे विषय पदवीबरोबर संपला नाही.

आपल्याच जातीवर प्रबंध लिहिणे सोपे, असा एक समज आपल्याकडे आहे. माणसे ओळखीची असतात, घरे उघडी असतात, हे खरे. पण आपल्या समाजाची आवडती कथा मोडीत काढायची वेळ आली की हात थांबतो. इरावतीबाईंचे पुढचे सारे लेखन पाहिले तर जातीचा अभिमान गोंजारण्याचे काम त्यांनी पहिल्या प्रबंधापासूनच टाळलेले दिसते. याचे श्रेय घुर्यांच्या शिस्तीला किती आणि परांजप्यांच्या घराला किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याच सुमारास त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींच्या घरची सून म्हटल्यावर परदेशी शिक्षणाचा मार्ग मोकळा असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सुनेने जर्मनीला जाण्याचा बेत अण्णांना रुचला नव्हता. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, महिला विद्यापीठ उभारले, त्यांनाही आपल्या घरातील बाईने साता समुद्रापलीकडे डॉक्टर होण्यासाठी जावे हे पटायला जड गेले. सुधारणेच्या चळवळीचा हा एक अवघड कोपरा आहे आणि त्याकडे काणाडोळा करून महर्षींचा मोठेपणा वाढत नाही. दिनकरराव मात्र पत्नीच्या मागे ठाम उभे राहिले. त्यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेली असल्यामुळे तेथील प्रयोगशाळांचा दरारा आणि दर्जा त्यांना ठाऊक होता. प्रश्न पैशाचा होता. तो डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाने सुटला. हेच मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ मध्ये मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर. आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, १९०८ मध्ये जाऊन त्यांनी रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. हेरेरो आणि नामा लोकांची जर्मन सैन्याने कत्तल केल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. वसाहतींतून आणलेल्या कवट्या आणि हाडे जर्मन संग्रहालयांच्या फडताळांत रचून ठेवलेली होती. पुण्याहून गेलेल्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या हाती जो विषय आला, तो याच फडताळांतला होता.

विषय होता मानवी कवटीची असममिती. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक वंशानुसार बदलतो का, हे पाहायचे होते. फिशर यांचा अंदाज असा की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीत ही असममिती अधिक असावी आणि त्याची तर्कबुद्धी श्रेष्ठ असण्याशी तिचा संबंध असावा. अंदाज आधी ठरलेला होता आणि विद्यार्थिनीने मोजमापे करून त्याला आधार पुरवावा, अशी अपेक्षा होती. संशोधनाच्या क्षेत्रात हा प्रकार किती जुना आहे हे यावरून कळावे.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. प्रत्येक कवटीवरचे ठरावीक बिंदू, दोन्ही बाजूंची अंतरे, त्यांतील फरक, मग त्या फरकांची गटवार तुलना. काम कंटाळवाणे आणि डोळे शिणवणारे. हिशेब सगळे हाताने. जर्मन भाषा नवी, आणि प्रबंध त्याच भाषेत लिहायचा. शेवटी आकडे जे सांगत होते ते असे की असममिती सर्वत्र आढळते आणि तिचा वंशाशी संबंध दाखवता येत नाही. युरोपीय कवटी या बाबतीत वेगळी ठरत नव्हती.

आता प्रश्न होता तो लिहिण्याचा. कर्जाच्या पैशावर आलेली, सासऱ्याची नाराजी पत्करून आलेली, वसाहतीच्या देशातील एक स्त्री. समोर संस्थेचा संचालकच मार्गदर्शक आणि त्याच्याच मताला छेद देणारे आकडे. निष्कर्ष थोडा गुळमुळीत करून लिहिता आला असता. आकडे अपुरे आहेत, अधिक अभ्यास हवा, एवढे म्हणून सुटका करून घेता आली असती. त्यांनी आकड्यांतून निघाले ते लिहिले. अलीकडच्या काळात त्यांचे चरित्र लिहिणाऱ्यांनी असे नोंदवले आहे की फिशर यांनी या प्रबंधाला उत्तीर्ण होण्याइतकी, म्हणजे सर्वांत खालची, श्रेणी दिली. पदवी मात्र मिळाली. सुमारे दोन वर्षांत काम आटोपून त्या परतल्या आणि १९३१ मध्ये प्रबंध जर्मन भाषेत छापून प्रसिद्ध झाला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९४२ पासून ती संस्था ओटमार फॉन फर्शुअर यांच्याकडे गेली. आउश्वित्झच्या छळछावणीत जुळ्या मुलांवर अमानुष प्रयोग करणारा योझेफ मेंगेले हा या फर्शुअर यांचा शिष्य. छावणीतून मानवी अवशेष या संस्थेकडे पाठवले जात होते. महायुद्धानंतर ती इमारत बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आली. २०१४ मध्ये तिच्या परिसरात खोदकाम चालू असताना मानवी हाडांचे तुकडे सापडले आणि पुढे सापडलेले असे हजारो तुकडे मार्च २०२३ मध्ये बर्लिनमध्येच सन्मानपूर्वक दफन करण्यात आले. या पार्श्वभूमीवर १४९ कवट्यांच्या त्या प्रबंधाचे मोल कळते. विज्ञानाच्या नावाखाली जी वाट पुढे कोठे गेली हे जगाने पाहिले, त्या वाटेवरच्या एका आधारशिलेखाली काहीच नाही, असे एका मराठी विद्यार्थिनीने आधीच मोजून सांगितले होते. तेव्हा ते कोणी ऐकले नाही, हेही खरे.

परत आल्यावर लगेच संशोधनाची नोकरी मिळाली असे नाही. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात प्रशासनाचे काम केले. फायली, परीक्षा, पत्रव्यवहार. बर्लिनची डॉक्टरेट घेऊन कचेरीचे काम करणे त्यांना किती आवडले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि त्या तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. पुरातत्त्वात हसमुख सांकलिया, भाषाशास्त्रात सु. मं. कत्रे आणि समाजशास्त्रात इरावती कर्वे अशी ही संस्था होती. पुढची तीस वर्षे त्यांचे कार्यस्थान तेच राहिले. गुजरातेतील लांघणज येथे सांकलियांच्या उत्खननात अश्मयुगीन सांगाडे निघाले, तेव्हा ते पाहायला इरावतीबाईच होत्या.

बर्लिनचे शिक्षण त्यांनी टाकून दिले नाही. मोजपट्टी, कॅलिपर आणि बिछाना घेऊन त्या महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेरही फिरल्या. १९५१ मध्ये महाराष्ट्रातील शारीरिक मोजमापांचा ग्रंथ त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह सिद्ध केला. हे दांडेकर म्हणजे तेच, ज्यांच्या समितीच्या १९८४ च्या अहवालामुळे मराठवाड्याच्या अनुशेषाला प्रथम आकडे मिळाले. मराठवाड्याच्या वाचकाला दांडेकर हे नाव सिंचन आणि रस्त्यांच्या संदर्भात ठाऊक आहे. त्यांच्या संख्याशास्त्राची सुरुवातीची एक कसोटी माणसांच्या डोक्यांच्या मापांवर झाली होती.

या मोजमापांतून इरावतीबाईंचा गुरूंशी मतभेद झाला, आणि हा मतभेद त्यांच्या साऱ्या कार्याच्या केंद्रस्थानी आहे. घुर्यांच्या मांडणीत जात ही एका मूळ समाजाची होत गेलेली विभागणी होती. इरावतीबाईंचे म्हणणे उलट होते. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या मूळचे गट एकत्र येऊन शेजारी शेजारी राहिले आणि एकाच नावाखाली मोडू लागले, पण आतून ते कधी एक झालेच नाहीत. कुंभार ही एक जात दिसते, पण त्यांच्यात चाक वेगळे, घडण्याची रीत वेगळी आणि सोयरीकही वेगळी असे अनेक गट आहेत, हे त्या दाखवून देत. ब्राह्मण या एकाच पायरीवरच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना त्यांनी कैलास मल्होत्रा यांच्यासह केली आणि ती १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. बर्लिनमध्ये परक्या गुरूशी आणि मुंबईत आपल्या गुरूशी, दोन्हीकडे त्यांचे जमले नाही असे गमतीने म्हणता येईल. पण दोन्हीकडे त्या पुरावा घेऊन उभ्या होत्या.

१९५३ मध्ये त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. या ग्रंथाची तयारी दहा वर्षे आधीपासून चालू होती. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. तिच्यातील नात्यांचे शब्द त्यांनी वेचून काढले आणि त्यावर १९४३-४४ च्या सुमारास लिहिले. सून, दीर, मामा, आत्या, मेहुणा हे शब्द कोणत्या भाषेत कसे येतात, एकच शब्द दोन नात्यांना का लावला जातो, यावरून त्या विवाहाचे नियम उकलत. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग त्यांनी पाडले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी जाते आणि रक्ताच्या नात्यात लग्न निषिद्ध. दक्षिणेत लग्न नात्यातच होते आणि मामाने बहिणीच्या मुलीशी लग्न करणेही चालते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. येथे आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते ते चालते, नव्हे आवडते. पण मामाच्या घरी भाची सून म्हणून गेली तर वेल माघारी आला असे मानून अनेक जातींत ते टाळतात.

नांदेड-लातूरच्या वाचकाला हे वाचताना हसू येईल, कारण ही सीमारेषा आपल्या दारातून जाते. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड आणि कोलाम आपापल्या द्राविडी भाषा बोलतात. मध्य विभाग कोठे संपतो आणि दक्षिण विभाग कोठे सुरू होतो, हे एका लग्नपत्रिकेवरून ओळखता येण्यासारखा हा मुलूख आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विषयासाठी दूर जायचे कारण नाही. आपल्या आजीला चार प्रश्न विचारले तरी पहिले प्रकरण उभे राहील. अर्थात इरावतीबाईंच्या विद्यार्थिदशेत येथला विद्यार्थी निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी त्याला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे किंवा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे आणि नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ तर १९९४ चे.

त्यांच्या पद्धतीवर आक्षेप नाहीत असे नाही. शरीराच्या मापांवरून जातीचा उगम सांगण्याची उमेद पुढच्या अभ्यासकांनी सोडून दिली. वंशश्रेष्ठत्वाचा दावा खोडून काढणाऱ्या इरावतीबाईंनी मोजमापांवरचा विश्वास मात्र अखेरपर्यंत ठेवला, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावी लागते. संस्कृत ग्रंथांवर त्यांचा भर फार होता. भारतीय समाजातील मुसलमानांचे आणि दलितांचे स्थान त्यांच्या मांडणीत अपुरे उतरले, असेही म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात जातीवर जो निबंध वाचला, त्यात अंतर्विवाहाची कुलुपे स्त्रीच्या देहावर कशी बसवली गेली, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचे कारण काय, याचा उलगडा होता. जात टिकते कशी, हा बाबासाहेबांचा प्रश्न. जाती आल्या कोठून, हा इरावतीबाईंचा. दोघांचे लेखन शेजारी ठेवून वाचणाऱ्याला दुसरा प्रश्न थोडा सुरक्षित वाटला तर नवल नाही.

पण त्या ग्रंथालयात बसून राहिल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. त्या पंढरीच्या वारीत पायी चालल्या. एकाच दिंडीत अभंग एकत्र म्हणणारी माणसे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांना तेथे सलले आणि ते त्यांनी लिहिले. त्या लेखाचा दिनकररावांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये अमेरिकेत छापला गेला. पतीने पत्नीच्या लेखाचा अनुवाद करावा, ही त्या काळात विरळा गोष्ट. त्या घरात अशा गोष्टी विरळा नव्हत्या. इरावतीबाई पतीला दिनू म्हणून हाक मारीत, मंगळसूत्र-कुंकवाचा आग्रह धरीत नसत आणि पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवीत. जाई निंबकर, आनंद कर्वे आणि गौरी देशपांडे ही त्यांची तिन्ही मुले पुढे आपापल्या क्षेत्रांत नावाजली.

कोयना धरणामुळे उठलेल्या गावांचे पुढे काय झाले, याची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाचे आकडे सर्वांकडे होते, उठवलेल्या घरांचे फारसे कोणाकडे नव्हते. गाव हलले की जमीन जाते, पण त्याबरोबर शेजार, सोयरीक आणि देवही जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात गावेच्या गावे नव्या जागी वसली, तेव्हा हेच प्रश्न आपल्याकडे आले. वाड्याची जागा सरळ रेषेतल्या घरांनी घेतली आणि ओट्यावरचे बसणे संपले. कोयनेची ती पाहणी किल्लारीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने आधी वाचली तर त्याची प्रश्नावली बदलेल.

‘युगान्त’ १९६७ मध्ये आले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांना देवत्वाच्या चौकटीतून काढून माणसांच्या नात्यांत ठेवणारे हे पुस्तक म्हणजे खरे तर नातेव्यवस्थेच्या ग्रंथाचेच धाकटे भावंड. नात्यांचे शब्द वेचता वेचता त्यांना त्या नात्यांतली दुःखे दिसली होती. नांदेडमध्ये नरहर कुरुंदकर याच सुमारास महाभारताकडे अशाच रोखठोक नजरेने पाहत होते. त्यांचे ते लेख पुढे ‘व्यासांचे शिल्प’मध्ये एकत्र आले. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचण्याचा आनंद ज्यांनी घेतला नसेल त्यांनी तो अवश्य घ्यावा.

१९६८ मध्येच महाराष्ट्राची भूमी आणि लोक यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ राज्याच्या गॅझेटियर मालेत निघाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे चौसष्ट. त्याच वर्षी हेमलता आचार्य यांच्यासह केलेली आठवडी बाजारांची पाहणी प्रसिद्ध झाली. बाजाराला कोण किती कोसांवरून येतो, काय विकतो, काय घेऊन परततो आणि खरेदी झाल्यावरही संध्याकाळपर्यंत का रेंगाळतो, असे ते साधे प्रश्न होते. बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या विद्यार्थिनीचे शेवटच्या वर्षात छापले गेलेले काम हे होते.